ईएसआयने बेकारीची मदत नाकारली तरी दाद मागता येते

भोसरी-चाकणकडच्या कामगारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विम्याबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘नोकरी गेल्यावर ईएसआयचे पैसे हवेत तर कंपनीची सही लागते, मिळतो पगाराचा पाव हिस्सा, आणि अर्ज एकदा फेटाळला की अपील नसतं.’ हे वाचून हक्क असलेले लोक अर्जच करत नाहीत, याचा मला राग येतो.

सही आणि पाव हिस्सा, दोन्ही जुनं झालं. ही मदत देणारी ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ मध्ये आली तेव्हा तसंच होतं. २०२० पासून अर्ज थेट ईएसआयच्या शाखा कार्यालयात जातो, कंपनीकडे पडताळणी कार्यालयच करतं. मदत सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस. रोजचे सरासरी ६०० रुपये धरले तर २७,००० होतात. दोन महिन्यांचं भाडं थकलेल्या घरात ही रक्कम थोडी नाही.

‘अपील नसतं’ हे मात्र सरळ खोटं. आधी नाकारण्याचं कारण लेखी मागा. देत नसतील तर दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. मुख्य अट अशी: किमान दोन वर्षांची विमापात्र नोकरी, शेवटच्या अंशदान (वर्गणी) कालावधीत ७८ दिवसांची वर्गणी, आणि आधीच्या तीनपैकी एका कालावधीतही ७८ दिवस. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. ठेकेदार बदलला की इथेच घोळ होतो. नव्या ठेकेदाराने दुसराच विमा क्रमांक काढला, तर तुमचे दिवस दोन खात्यांत विभागले जातात. ते क्रमांक जोडून घ्या. पगारातून वर्गणीचे ०.७५ टक्के कापले पण भरलेच नाहीत, तर पगाराच्या पावत्या आणि बँकेचं स्टेटमेंट लावून तक्रार करा. ठेकेदाराने बुडवलेल्या वर्गणीची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, तुमच्यावर नाही.

शाखेत ऐकलं नाही तर पुण्यात बिबवेवाडीचं ईएसआयचं उपप्रादेशिक कार्यालय आहे, केंद्राचं सीपीग्राम्स हे तक्रारींचं पोर्टल आहे. त्यावरही हक्काचा वाद उरला तर कर्मचारी विमा न्यायालय. १९४८ च्या कायद्यातली ही सोय नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे.

गैरवर्तनामुळे काढलेल्यांना, निवृत्त झालेल्यांना आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना ही मदत नाही. योजना मुदतवाढीवर चालते, म्हणून चालू मुदत शाखेत विचारून मगच कागद जोडा.