‘पुराचं पाणी बघायला डोळे लागतात’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

विद्यापीठात जाऊन डेटा पत्रकारिता आणि आलेखन शिकण्याबद्दल मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. ज्याला आकड्यांतून बातमी काढायची आहे त्यानं जमत असेल तर एखादं वर्ष नीट बसून ते शिकावं, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यावर ‘एक जुना वार्ताहर’ या नावानं आलेली प्रतिक्रिया अशी:

“ताईसाहेब, घरात पैसा असला की असलं शिक्षण सुचतं. मी तीस वर्षं जत-कवठेमहांकाळच्या दुष्काळात एसटीनं फिरून बातम्या दिल्या. पुराचं पाणी बघायला डोळे लागतात, कॉम्प्युटर नाही. यूट्यूबवर हे सगळं फुकट मिळतं. एवढा खर्च करून आल्यावर सांगलीत या कामाला नोकरी कोण देतंय, तेही लिहा. आणि तुमचा पुराचा आलेखच चुकलाय, खालचे तीस फूट कापलेत.”

काका (तीस वर्षांचा अनुभव म्हणताय म्हणजे वयानं मोठे असणार, म्हणून काका म्हणते), दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. रागाच्या भरात लिहायचं नव्हतं. राग अजून पुरता उतरलेला नाही, पण आता लिहिते.

आधी तुमचं शेवटचं वाक्य. ते बरोबर आहे. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचे तीन पूर मी उभ्या स्तंभांनी दाखवले आणि उभा अक्ष तीस फुटांपासून सुरू केला. स्तंभालेखात वाचक स्तंभाची उंची मोजतो, म्हणून तो शून्यापासूनच हवा. नाहीतर २००५ चा ५३ फुटांच्या वरचा पूर आणि २०१९ चा ५७ फुटांच्या वरचा पूर यांत प्रत्यक्षात आहे त्याच्या दुपटीहून जास्त फरक दिसतो. रेषालेख असता तर चाललं असतं, कारण तिथं नजर चढउताराकडे जाते. मी स्तंभ काढले, चूक माझी. आलेख काल बदलला आणि खाली पाटबंधारे खात्याचा उल्लेखही टाकला, तोही राहिला होता. पण काका, ही चूक चूक का ठरते, हे मी ज्या वर्गात शिकले त्याच वर्गाला तुम्ही श्रीमंतांचं सुचणं म्हणताय.

आता ‘ताईसाहेब’. आपल्याकडे हा शब्द मानानं कधी लावतात आणि टोचायला कधी, हे सांगलीत वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. तुम्ही मला ओळखत नाही. माझं घर, माझे वडील, माझं कर्ज, यातलं काहीच तुम्हाला माहीत नाही. तरी पहिल्याच वाक्यात माझ्या घरातला पैसा मोजून मोकळे झालात. तीस वर्षं बातमी दिलेल्या माणसानं चौकशी न करता असं विधान करावं, याचं मला जास्त वाईट वाटलं.

माझे वडील मार्केट यार्डात तोलाईदार होते. शाळा सुटली की मी त्यांच्याबरोबर अडतीवर बसायची. हळदीचे सौदे, राजापुरी कोणती, परपेठ कोणती, पोत्यातून मूठभर हळकुंडं काढून मोडून बघणारे व्यापारी, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडणारी पट्टी. पट्टीवर हमाली, तोलाई वजा होऊन खाली जो आकडा उरतो, त्याकडे माणूस कसा बघतो ते मी लहानपणापासून पाहिलंय. डोळ्यांनीच पाहिलंय, काका.

पुढे एका दैनिकाच्या इथल्या कार्यालयात मी नऊ वर्षं उपसंपादक होते. हंगामात दरवर्षी एक बातमी ठरलेली असायची, ‘हळदीला उच्चांकी दर’. एकदा कडेगाव तालुक्यातले एक शेतकरी अंक आणि आपली पट्टी घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले. म्हणाले, “बाई, हा दर कुणाला मिळाला तेवढं सांगा.” त्यांच्या पट्टीवरचा दर बातमीतल्या दराच्या निम्म्यावरही जेमतेम पोचत होता. बातमी खोटी नव्हती. तो दर खरोखर निघाला होता, पण एका सौद्यात, निवडक मालाला. बाजार समिती किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर देते. आम्ही वर्षानुवर्षं कमाल दराचा मथळा करत होतो आणि पेठेबाहेरचा शेतकरी तो सगळ्यांचा दर समजत होता. तोलाईदाराची मुलगी असून तो मथळा मी स्वतः लावला होता. त्या माणसाला मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी मी शिकायचं ठरवलं. पुढच्या वर्षी नोकरी सोडली, बँकेचं कर्ज घेतलं, आईच्या पाटल्या गहाण पडल्या आणि ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात एक वर्ष काढून आले. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. याला घरात पैसा असणं म्हणत असतील तर म्हणा.

‘पुराचं पाणी बघायला डोळे लागतात, कॉम्प्युटर नाही.’ काका, हे वाक्य ऐकायला फार छान आहे. टाळ्या मिळतील. म्हणूनच त्यावर सविस्तर बोलते.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात मी सांगलीच्या गावभागात होते. डोळ्यांना काय दिसत होतं? आयर्विनच्या कमानी दिसेनाशा होत होत्या. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, हे आपल्याकडे पोराटोरांनाही पाठ असतं. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. नदीकाठच्या सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगरमधल्या लोकांना तर ४० ची वाट बघावी लागत नाही, त्यांच्या दारात पाणी त्याआधीच येतं. हे सगळं डोळ्यांनी दिसलं, आणि तुमच्यासारख्या वार्ताहरांनी जिवावर उदार होऊन ते लिहिलं, त्याबद्दल आदरच आहे.

पण पाणी ओसरल्यावर लोक विचारत होते ते वेगळंच: एवढं पाणी आलं कुठून आणि हटेना का? इथं पुलावर उभं राहून कुणालाच उत्तर दिसणार नव्हतं. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत मिळतं आणि काही तासांनी सांगलीत येतं. येरळा ब्रह्मनाळला येऊन मिळते. वारणा तर सांगलीच्या खालच्या अंगाला, हरिपूरला मिळते. ती फुगली की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं. त्याच्याही खाली कर्नाटकात अलमट्टी धरण. म्हणजे एका पुलावरच्या एका आकड्यामागं चार-पाच ठिकाणचा पाऊस, विसर्ग आणि वेळ असतो. कोयना धरणातून कोणत्या तासाला किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी) सोडले, वारणेत किती, पावसानं थेट किती भर घातली, हे एका काळरेषेवर एकाखाली एक मांडल्याशिवाय कुणी काहीही बोलू शकतं. आणि बोललेच. अलमट्टीत पाणी अडवल्यानंच पूर आला, असा चौकाचौकांत निकाल लागला होता. पुराची कारणं तपासायला राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० मध्ये अलमट्टीला जबाबदार धरलं नाही तेव्हा इथल्या अनेकांना ते पटलं नाही. न पटण्याचा हक्क आहेच. पण समितीचं म्हणणं खोडायचं असो की मानायचं असो, दोन्हीला तासातासाचे आकडे लागतात. आम्ही पत्रकारांनी तेव्हा लोकांना ते मांडून दाखवले का? मी तरी दाखवले नाहीत. येत नव्हतं.

डोळे दगा कसा देतात याचं एक उदाहरण वर्गात पहिल्याच महिन्यात शिकवलं गेलं, ते मी विसरणार नाही. १९६७ मध्ये अमेरिकेत डेट्रॉईट शहरात दंगल पेटली. दंगलखोर म्हणजे शाळा सोडलेले, नाहीतर दक्षिणेकडून आलेले, शहरात न रुळलेले लोक, असं सगळे सांगत होते. फिलिप मेयर या पत्रकारानं अभ्यासकांना सोबत घेऊन दंगलग्रस्त भागात घरोघरी पाहणी केली. कॉलेजात गेलेलेही शाळा सोडलेल्यांइतकेच दंगलीत होते, आणि उत्तरेत वाढलेल्यांचं प्रमाण दक्षिणेतून आलेल्यांपेक्षा जास्त होतं. सगळ्या शहराला डोळे होते, काका. आणि मेयरना ही पद्धत कुठं मिळाली? त्याच्या आदल्या वर्षी ते हार्वर्ड विद्यापीठात समाजशास्त्राच्या संशोधनपद्धती शिकत होते.

१८५४ चा लंडनचा कॉलरा घ्या. डॉ. जॉन स्नो सोहो भागात घरोघर फिरले, कोण कुठलं पाणी पितं ते विचारलं, आणि मग मृत्यू नकाशावर मांडले. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती ते दाटलेले दिसले. पायपीट आणि नकाशा, दोन्ही एकाच माणसानं केलं. तुम्ही या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात उभ्या केल्यात. माझ्या लेखात तसं कुठंही नाही, पुन्हा वाचा.

आपल्या जिल्ह्यातलंच सांगायचं तर, ‘सर्वाधिक रुग्ण मिरज तालुक्यात’ हा मथळा तुम्हीही कधीतरी दिला असेल. सांगली शहर मिरज तालुक्यात येतं. महापालिकेची सगळी वस्ती त्यात. वर मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, अर्ध्या कर्नाटकातून पेशंट येतात. आकडा मोठा येणारच. लाख लोकसंख्येमागे किती, नोंद राहत्या पत्त्यावर झाली की दवाखान्याच्या, हे न विचारता नकाशा रंगवला की मिरज कायम लालभडक. हे विचारायची सवय वर्षभर रोज कुणीतरी तुमचं काम फाडून दाखवलं की लागते. एकाच यादीत ‘कवठेमहांकाळ’, ‘कवठे महांकाळ’ आणि ‘क. महांकाळ’ असे तीन तालुके दिसतात तेव्हा ते एक करण्यासाठी जनगणनेत प्रत्येक तालुक्याला दिलेला कोड कसा जोडायचा, माहिती अधिकारात हाती आलेल्या स्कॅन केलेल्या कागदातून तक्ता कसा काढायचा, हे कंटाळवाणं काम आहे. आमचे सर म्हणायचे, आलेख शेवटच्या दिवशी काढायचा. बाकी सगळे दिवस साफसफाईचे. तुम्हाला वाटतं की आम्ही तिथं रंगीत चित्रं काढत बसलो होतो.

यूट्यूबबद्दल एवढंच, की सॉफ्टवेअरची बटणं तिथं जरूर शिकता येतात. तुमची बातमी चुकली आहे हे यूट्यूब सांगत नाही. नोकरीचा प्रश्न माझ्या लेखाचा विषय नव्हता, त्यामुळे त्यात इथं शिरत नाही.

जतच्या तुमच्या तीस वर्षांबद्दल मी एक अक्षर वावगं लिहिलेलं नाही. दुष्काळात एसटीनं फिरणाऱ्या वार्ताहरांच्या बातम्या मी नऊ वर्षं टेबलावर घेतल्यात, कदाचित तुमच्याही घेतल्या असतील. त्यात टँकर किती आले ते असायचं. किती मागितले, किती मंजूर झाले, किती फेऱ्या खरोखर झाल्या, हे शेजारी शेजारी क्वचित असायचं. हे बोलले की तुम्हाला लागेल, मला माहीत आहे. मलाही लागलं होतं, त्या शेतकऱ्यानं पट्टी समोर ठेवली तेव्हा.

तुमच्याकडे त्या तीस वर्षांच्या वह्या असतील. टँकरच्या, चारा छावण्यांच्या, गावाच्या नावानिशी नोंदी असतील. त्या टाकून देऊ नका. द्यायच्या असतील तर मी जतला येऊन घेऊन जाईन आणि एकेक पान टाईप करीन, तुमचं नाव घालून. नसतील द्यायच्या तरी हरकत नाही. पण पुढच्या वेळी लिहाल तेव्हा मला नुसतं ताई म्हणा. साहेब लावू नका.