‘दुसरीकडे जाईल’ हे पटलं नाही

‘कुंपण घालून काय होणार, ज्याला जायचंय तो दुसरीकडे जाईल’ हे आत्महत्या रोखायला पूल-कड्यांवर कुंपण घालण्याबद्दलच्या लेखातलं वाक्य खटकलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर जीव देण्यापासून अडवलेल्या ५१५ जणांवरचा १९७८चा अभ्यास बघा. त्यातले ९० टक्क्यांहून जास्त लोक पुढे आत्महत्येने गेलेच नाहीत. ती एक वेळ टळली की बरंच काही टळतं.

आणि सिडनीच्या ‘द गॅप’ कड्याबद्दल लिहिताना डॉन रिचींचा उल्लेखही नाही, कमाल आहे! समोरच राहायचे, घरी चहाला चला म्हणायचे. किमान १६० जणांना त्यांनी मागे फिरवलं. मी काही वर्षं हेल्पलाइनवर फोन घ्यायचो. पलीकडे कधीकधी नुसता श्वास, पाच-पाच मिनिटं. ‘जेवलात का?’ विचारलं की माणूस बोलायला लागायचा. (उपदेश सुरू केला की फोन कट.)