डिस्कवरच्या तांबूस थराबद्दल आमच्या ग्राहक ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. तुमचं म्हणणं असं की शनिवारी ब्रेकचं काम करून गाडी घरी नेली, रविवारी ती उभीच होती आणि सोमवारी सकाळी पुढच्या दोन्ही डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या) तांबूस झालेल्या दिसल्या. निघताना घासल्यासारखा आवाजही आला. म्हणजे आम्ही डिस्क साफच केल्या नाहीत किंवा कुणाच्या तरी जुन्या काढून तुमच्या गाडीला बसवल्या, असा तुमचा संशय आहे. डिस्कला जरा तेल लावून द्या म्हटलं तर आमच्या गॅरेजमधल्या कामाच्या मुलाने नाही म्हटलं. दुसऱ्या गॅरेजवाल्याने चाकाच्या जाळीतून बघूनच डिस्क बदला म्हणून सांगितलं. आणि तुमच्या मुलाच्या बाइकची डिस्क चकचकीत राहते, मग कारचीच का गंजते, असंही विचारलंत.

आधी जुन्या डिस्कचा संशय. तुमच्या गाडीला तुमच्याच डिस्क आहेत. काम करताना दोन्हींची जाडी मायक्रोमीटरने मोजून जॉब कार्डवर लिहिली आहे: डावी 21.3 मिमी, उजवी 21.2. नवी डिस्क 22 मिमीची असते आणि किमान जाडी 20 मिमी, हे तुमच्या डिस्कवरच कोरलेलं आहे. या डिस्कमध्ये अजून बरंच आयुष्य आहे, म्हणूनच आम्ही बदलायला सांगितलं नाही.

आता तो तांबूस थर. कारची डिस्क बिडाची असते. बिडाचा तवा घासून ओलाच ठेवला तर सकाळी त्यावर जसा लाल थर येतो, तसंच डिस्कचं होतं. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की बस. आम्ही डिस्क घासून, ब्रेक क्लीनर मारून, अगदी कोरं लोखंड उघडं केलं होतं. तुम्ही लिहिलंय की रविवारी सोसायटीत गाडी धुतली आणि तशीच उभी राहिली. बडोद्याच्या पावसाळी हवेत एवढं पुरे होतं. धुतल्यावर तास-दोन तासांतही असा रंग चढतो. हा थर फार पातळ असतो. पहिल्या काही ब्रेकना डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड तो खरवडून काढतात, आणि तुम्ही ऐकलेला आवाज त्याचाच. रिव्ह्यूतच तुम्ही म्हटलंय की कोपऱ्यावरच्या सिग्नलपर्यंत तो थांबला. थांबला, ही चांगली खूण आहे.

बाइकच्या डिस्कबद्दल: ती बहुतेक स्टेनलेस स्टीलची असते, म्हणून गंजत नाही. कारचं वजन कितीतरी जास्त, त्यामुळे ब्रेक लावल्यावर उष्णताही खूप तयार होते. ती शोषून बाहेर टाकायला बीड स्टेनलेसपेक्षा सरस आहे, आणि स्वस्तही. म्हणून कारखाने बीडच वापरतात. चांगल्या डिस्कना मधल्या टोपीवर आणि कडेवर गंजरोधक लेप असतो, पण पॅड जिथे घासतात तिथे कुठलाही लेप टिकत नाही.

तेलाचं मात्र मला आवर्जून सांगायचंय. त्या मुलाने नाही म्हटलं ते माझ्या सांगण्यावरून, आणि पुढेही तो नाहीच म्हणेल. तव्याला आपण तेलाचा हात फिरवतो हे खरं, पण डिस्कवर तेलाचा, ग्रीसचा किंवा गंज सोडवायच्या स्प्रेचा थोडा जरी अंश गेला तरी पॅड तो पिऊन घेतो. मग ब्रेक पकडत नाही किंवा गाडी एका बाजूला ओढते. तो पॅड धुऊन सुधारत नाही, टाकून द्यावा लागतो. ताई, या गाडीतून तुम्ही नातवंडांना शाळेत सोडता. कृपा करून घरीही हे करू नका. व्हिडिओत दाखवतात तसा व्हिनेगरही गाडीवर बसलेल्या डिस्कवर ओतू नका. तो प्रकार डिस्क काढून, बुडवून, मग भरपूर धुऊन लगेच कोरडी करण्याचा आहे, आणि तुमच्या डिस्कला त्याची गरजच नाही.

ज्या गंजाची मला खरोखर काळजी वाटते तो बाहेरून दिसत नाही. डिस्कच्या आतल्या बाजूला, कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिनांवर, आणि डिस्क जिथे हबवर (चाक बसतं त्या मधल्या भागावर) बसते त्या तोंडावर तो असतो. पिन गंजून अडकली की बहुतेकदा आतला पॅड झिजत राहतो आणि बाहेरचा नवा दिसतो. हबवर गंजाचा जरासा थर राहिला तरी डिस्क किंचित वाकडी बसते आणि काही महिन्यांनी ब्रेक दाबला की पायाला धडधड जाणवते. तेव्हा लोक डिस्कला दोष देतात. तुमच्या गाडीचे दोन्ही हब आम्ही तारेच्या ब्रशने साफ केले आहेत. पिना काढून पुसून त्यांचं खास ग्रीस भरलं आहे. तुम्ही ज्या कामाचे पैसे दिलेत त्यातला मोठा भाग हाच आहे.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शिरलं तेव्हा अकोटा, समा, फतेगंज भागातल्या कितीतरी गाड्या चिखलात उभ्या राहिल्या. त्यांच्या डिस्कना खड्डे पडले होते, पॅडच्या आकाराचे डाग उमटले होते आणि मधल्या हवेच्या फटींत गाळ वाळून बसला होता. तशा डिस्क बदलाव्याच लागतात, आणि एका एक्सलच्या, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांच्या, दोन्ही एकदम. नुसता वरवर तांबूस रंग आलेल्या डिस्क मात्र आम्ही एमरी पेपरने घासून परत बसवल्या. जाळीतून बघून हा फरक कुणालाही सांगता येत नाही. डिस्क बदला म्हणणाऱ्याला आधी चाक काढून जाडी मोजून दाखवायला सांगा. व्हर्नियर (सरकत्या जबड्याची मोजपट्टी) लावत असेल तर तेही चालणार नाही, कारण झिजलेल्या डिस्कच्या काठाला राहिलेली कड व्हर्नियरला अडते आणि माप जाड येतं.

तुमची गाडी आठवड्यातून दोन-तीनदाच निघते, म्हणून एवढं करा. धुतल्यावर लगेच उभी करू नका. सोसायटीला एक फेरी मारा आणि रस्ता मोकळा बघून चार-पाच वेळा जरा दाबून ब्रेक लावा, म्हणजे डिस्क गरम होऊन कोरडी होईल. ओल्या गाडीचा हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागच्या ब्रेकचे लायनर (घासणारे पट्टे) ड्रमला चिकटतात. सपाट पार्किंगमध्ये गिअरमध्ये टाकून चाकाला वीट लावली तरी पुरतं. (शेजारच्यांची इलेक्ट्रिक गाडी असेल तर त्यांनाही सांगा. त्या गाड्यांत मोटरच बराच वेग कमी करते, ब्रेक कमी वापरले जातात, त्यामुळे डिस्कवर गंज जास्त साचतो.)

दोन-तीन किलोमीटर चालवूनही आवाज राहिला, पेडल थरथरलं किंवा एखादं चाक जास्त तापून वास आला, तर गाडी तिथेच थांबवून गॅरेजच्या नंबरवर फोन करा, आम्ही माणूस पाठवू. तसं काही नसेल तरी या आठवड्यात कधीही सकाळी या. दोन्ही चाकं तुमच्यासमोर काढून आतली बाजू दाखवतो आणि माप तुमच्या हाताने घेऊ. याचे पैसे घेणार नाही. येताना त्या दुसऱ्या गॅरेजवाल्यांनाही आणलंत तर उत्तमच.