बाई, हळू!

आमच्या कुत्रीचं नाव कुंदा. पिलू असताना तिचा रंग हुबेहूब बेळगावच्या कुंदा मिठाईसारखा होता, खरपूस आटवलेला, म्हणून धाकट्या लेकीनं ते ठेवलं. (2014 साली बेळगावचं बेळगावी झालं, पण कुंदा आपला कुंदाच राहिला.) समोरच्या घरात कुंदाकाकू राहतात हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. आलं तोवर कुत्री त्या नावाला शेपटी हलवायला लागली होती. काकूंनी चार वर्षं मोठ्या मनानं सोसलं. पण परवा रविवारी मी गॅलरीतून आत बायकोला ओरडून सांगितलं, "अगं, कुंदाच्या तोंडाला कसला वास यायलाय!" आणि समोरची खिडकी धाडकन बंद झाली.

वास मात्र खरा होता. बॅटरी मारून बघितलं तर मागच्या दाढांवर जन्मभर विडी ओढलेल्या माणसासारखा तपकिरी थर. माणसाला दात 32, कुत्र्याला 42. म्हणजे आमच्या घरात ज्या बाईला सगळ्यात जास्त दात, तिनं ते एकदाही घासले नव्हते.

दवाखान्यात न्यायला इचलकरंजीहून आलेली आत्या बरोबर आली. आत्याला जनावर धरायची सवय आहे, कन्नडचा मात्र गंध नाही. तिथला कंपाउंडर बैलहोंगलकडचा, त्याला मराठीचा गंध नाही. माझं कन्नड बसच्या पाटीपुरतं आणि हॉटेलच्या बिलापुरतं. बेळगावात तेवढ्यावर माणूस रिटायर होतो. पण मी त्या वेळी बाहेर केसपेपर काढत होतो. आत आत्यानं कुंदाला टेबलावर गच्च धरलेलं. कंपाउंडर जबड्याकडे बोट करून म्हणाला, "बायि, बायि! हल्लु!"

आता कन्नडमध्ये बायि म्हणजे तोंड आणि हल्लु म्हणजे दात. आत्याला ऐकू आलं, "बाई, बाई! हळू!"

आत्यानं पकड सैल केली. त्यानं पुन्हा बोट दाखवलं, आवाज चढवला. "बायि! हल्लु!" आत्या म्हणाली, "अरे, हळूच धरलंय की रे बाबा!" आणि आणखी सैल केली. तिसऱ्यांदा तो जवळजवळ किंचाळला, तेव्हा आत्यानं "घे मग!" म्हणत दोन्ही हात वर केले. कुंदा टेबलावरून थेट खाली, तिथून रांगेतल्या एका शेळीच्या पोटाखालून दाराबाहेर. मी केसपेपर तोंडात धरून तिच्या मागे. "माणूस सभ्य आहे," आत्या नंतर म्हणाली, "बाई बाई करून बोलतोय. पण भित्रा."

डॉक्टर मराठी बोलणारे निघाले. त्यांनी सांगितलं ते असं : खाल्ल्यावर दातावर चिकट थर बसतो. तो पुसला नाही तर लाळेतले क्षार त्यात मुरून दोन-तीन दिवसांत त्याचं कीटण व्हायला लागतं. एकदा दगड झाला की काही चघळून तो निघत नाही, भूल देऊनच खरवडावा लागतो. कुंदाचा तो कार्यक्रम बुधवारी झाला. खर्चाचा आकडा मी घरात अजून सांगितलेला नाही. पुन्हा कीटण चढू नये म्हणून रोज ब्रश, आणि जोडीला चघळायला काहीतरी.

"काहीतरी म्हणजे काय?" मी विचारलं.

"जे तुमच्या अंगठ्याच्या नखानं दबेल ते. आणि गुडघ्यावर मारून बघा. तुम्हाला लागलं, तर तिच्या दाताचा टवका उडणार. वरची मोठी दाढ अशीच फुटते."

इतकं सोपं शास्त्र मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. अडचण एवढीच, की आमच्या गल्लीत प्रत्येकाचं शास्त्र वेगळं आहे.

मटणवाल्यानं न विचारता नळी बांधून दिली. "कुकरला चार शिट्ट्या द्या, मऊ पडतंय." नंतर डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, शिजवलेलं हाड मऊ पडत नाही, त्याच्या सुया होतात, घशात रुततात, आतडं फाडतात. शिट्ट्या तोवर झाल्या होत्या. नळी मी खाल्ली.

मिलिटरीतून रिटायर झालेले सुभेदारकाका आमच्या कोपऱ्यावर राहतात. त्यांच्याकडे मुधोळचं कुत्रं, म्हणजे कुत्र्याच्या आधी त्याचा अभिमान घरात आलेला. "2005 साली मुधोळ टपाल तिकिटावर आलं. त्याचे दात कोण घासत होतं? ससा पकडा म्हणावं, आपोआप साफ होतात." शहापूर भागात ससा कुठं पकडायचा ते त्यांनी सांगितलं नाही. टपाल तिकिटाला वास येत नाही, एवढंच माझं म्हणणं होतं. पण सुभेदारापुढं म्हणणं मांडायचं नसतं.

सासूबाईंनी कडुनिंबाची काडी सुचवली. कुंदानं ती वासावरूनच नाकारली. शेजारच्या पोरांनी उसाचं कांडं टाकलं, त्याच्या चोयट्या दातांत अडकून दोन तास ती स्वतःच्या तोंडाशी भांडत बसली. मग पाऊस, आणि पावसात भाजलेलं मक्याचं कणीस. बायको म्हणाली, "दाणे खाऊन बुरकुंड तिला देऊ, चघळू दे की." ऐकायला किती बरोबर वाटतं! मी डॉक्टरांना सहज विचारलं, तर पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "ते पचत नाही. आतड्यात बुचासारखं बसतं. पोट फाडून काढावं लागतं." त्या दिवसापासून आमच्या घरी बुरकुंडं मोजून कचऱ्यात जातात. चार कणसं, चार बुरकुंडं. हिशेब लागला नाही तर कुणी झोपत नाही.

सगळ्यात थोर सल्ला निपाणीच्या मामांचा. मामा माळकरी आहेत. मटण-मासा सोडून पंचवीस वर्षं झाली, पण मिश्री नाही सुटली. डबीतून चिमूटभर काढून म्हणाले, "हे लाव बोटानं. माझा एक दात हललाय का बघ." (चार नाहीतच, त्यामुळं हलत नाहीत.) तंबाखू कुत्र्याला विष आहे असं मी सांगितल्यावर ते दुखावले. "माणसाला चालतंय, कुत्र्याला चालत नाही?" यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मामांच्या डॉक्टरांनी द्यायचं आहे.

शेवटी दुकान गाठलं. तिथं चघळण्याच्या वस्तूंची अख्खी भिंत. मी एकेक उतरवून घेतली आणि गुडघ्यावर हाणायला लागलो. म्हशीचं शिंग : डोळ्यांपुढं काजवे. खूर : पुन्हा काजवे. हिमालयाकडचं याकच्या दुधाचं छुर्पी चीज, पाकिटावर 'शंभर टक्के नैसर्गिक' : नैसर्गिक तर नदीतला धोंडाही असतो. दुकानदारानं घाबरून स्टूल आणून दिलं. "सर, कुठं लागलंय काय?" "गुडघा," मी म्हणालो. "आता लागलाय." वाळवलेल्या कातड्याला गाठ मारून केलेलं हाड गुडघ्याच्या परीक्षेत काठावर पास झालं असतं. पण ओलं झालेलं तुकड्यानं गिळलं की पोटात फुगून अडकतं, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. ते परत खुंटीला गेलं.

उरली ती वाकणारी, खाचा पाडलेली कांडी. नखाचा ठसा उमटतो, दात आत रुततो आणि खाचांनी कडा पुसली जाते. अमेरिकेत व्हीओएचसी नावाची पशुदंतवैद्यांची परिषद आहे. परीक्षेत उतरलेल्या मालाला 1997 पासून ती आपली मुद्रा देते. ती मुद्रा असलेलं पाकीट मिळालं, पण त्यात दोन मापं : लहान कुत्र्याचं आणि मोठ्याचं. लहान साठ रुपयांनी स्वस्त. कुंदा अठरा किलोची. तरी मी लहान घेतलं. सीमाभागातला मराठी माणूस कुठल्याही सरकारला घाबरत नाही, पण साठ रुपयांपुढं वाकतो. कुंदानं ती कांडी क्रोसिनसारखी गिळली. चघळणं शून्य. दुसऱ्या दिवशी लंगडत जाऊन मोठी आणली.

आता रोज रात्री जेवणानंतर एक कांडी. ती खाते आणि मी समोर बसून राखण करतो. शेवटचा तुकडा गिळायच्या आत काढून घ्यायचा असतो. कांडीलाही पोट भरायचा गुण असतो म्हणून तिची भाकरी अर्धी कमी केली. तेवढी ती माझ्याकडून वसूल करते. सकाळी ब्रश. तिची पेस्ट वेगळी, चिकनच्या चवीची. आपली चालत नाही; तिला थुंकता येत नाही, आणि काही पेस्टींत गोडी आणणारं झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला बाधतं. ती ट्यूब मी बेसिनवरच्या पेल्यात ठेवतो.

गेल्या एकादशीला मामा पुन्हा मुक्कामाला आले. सकाळी बेसिनपाशी बराच वेळ होते. तोंड पुसत बाहेर आले, नेहमीच्या खुर्चीत बसले, जीभ दातांवरून फिरवत राहिले.

"पेस्ट बरी हाय की रे तुझी," ते म्हणाले. "मिश्रीची आठवण झाली नाही बघ. पण चव... कुठंतरी खाल्ल्यासारखी वाटायलीय. लई वर्षांमागं."

बायकोनं पदर तोंडात कोंबला आणि आत गेली. मी पेपर वाचत होतो. कुंदा मामांच्या पुढ्यात येऊन बसली आणि त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली.