मावशीने पाठवलेल्या 'जन्मजात गुन्हेगार' फॉरवर्डबद्दल

काल रात्री मावशीने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. 'काही जमाती जन्मानेच गुन्हेगार असतात. इंग्रजांनी हे शास्त्राने सिद्ध करून 1871चा कायदा केला. मतांसाठी तो रद्द झाला. अशा धोकादायक लोकांना गुन्ह्याआधीच आत टाका, कोर्टही आता तेच म्हणतं.' खाली तिची स्वतःची ओळ: 'गेटवर गजरे विकणाऱ्या पारधी बायकांना उद्यापासून थांबू देऊ नका.' ती ओळ वाचल्यावर गप्प बसवेना.

शास्त्राचं आधी संपवते. इटलीच्या लोम्ब्रोसोने 'जन्मजात गुन्हेगारा'चा सिद्धांत पुस्तकात मांडला 1876 मध्ये, म्हणजे 1871चा गुन्हेगार जमाती कायदा झाल्यावर पाच वर्षांनी. 1913 मध्ये इंग्लंडच्या तुरुंगातल्या चार्ल्स गोरिंग या डॉक्टरने सुमारे 3000 इंग्रज कैद्यांची मोजमापं तपासली, तेव्हा गुन्हेगाराचा वेगळा शरीरप्रकार काही सापडला नाही. 1871चा कायदा करणाऱ्यांचा युक्तिवाद एवढाच होता की या देशात धंदा जातीने चालतो, सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर.

या एका वाक्यावर पिढ्या भरडल्या. जमातीची नोंदणी, रोजची हजेरी, गावाबाहेर जायचं तर पास. 1911 मध्ये नवा कायदा होऊन तो आपल्या मुंबई प्रांतालाही लागला. मी सोलापूरची. आमच्याकडे तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट होती, म्हणजे या जमातींना डांबून ठेवायची वसाहत, आणि सेटलमेंट फ्री कॉलनी हे नाव आजही आहे. त्या कुंपणात जन्मलेल्या तान्ह्या बाळाने कोणता गुन्हा केला होता? त्याच्या 'धोक्या'चा पुरावा काय, तर आईबापांची जात.

मतांचं म्हणाल तर अय्यंगार समितीने चौकशी करून कायदा रद्द करण्याची शिफारस केली आणि 31 ऑगस्ट 1952 रोजी तो गेला.

आता जे खरं आहे ते मान्य करते. माणूस किती धोकादायक आहे हे कायदा बघतो. जामीन देताना बघतो. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 56 खाली तडीपारी होते, जास्तीत जास्त दोन वर्षं. 1981च्या एमपीडीए या महाराष्ट्राच्या स्थानबद्धता कायद्यात तर 'धोकादायक व्यक्ती' असा शब्दच आहे आणि वर्षभर स्थानबद्ध करता येतं. पण त्यासाठी त्या माणसाची स्वतःची कृत्यं दाखवावी लागतात. पुन्हापुन्हा गुन्हे करणारा, अशी व्याख्याच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1980च्या बच्चन सिंग निकालात फाशीसाठीही हेच म्हटलंय: आरोपी समाजाला पुढेही धोका ठरेल, हे सरकारने पुराव्याने दाखवायचं. आणि 2022 मध्ये जालन्याच्या एका तडीपारीचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, हा असाधारण उपाय आहे असं बजावून.

'कोर्टही तेच म्हणतं' हे तर धडधडीत खोटं. 3 ऑक्टोबर 2024चा सुकन्या शांता निकाल काढून वाचा. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत विमुक्त जमातींना, म्हणजे 1871च्या त्या कायद्यातून सुटलेल्या जमातींना, सराईत गुन्हेगार धरणाऱ्या तरतुदी होत्या, त्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्या. या जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असा आदेश पोलिसांनाही दिला. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने निकाल उघडूनही पाहिलेला नाही.

मावशी, त्या गजरेवालीकडून तू गेल्या आठवड्यातच दोन गजरे घेतलेस, उरलेले पाच रुपये तिने मागे धावत येऊन तुला दिले. मेसेज काढून टाक, आणि वॉचमनला काही सांगितलं असशील तर आज संध्याकाळी ती यायच्या आत त्याला पुन्हा फोन कर.