उजवा पाय आणि वज्री

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी, येशूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, संध्याकाळी वसईतल्या आमच्या चर्चमध्ये पाय धुण्याच्या विधीसाठी वेदीसमोर बारा खुर्च्या मांडल्या जातात आणि त्यांवर यंदा कोणाकोणाची नावे आली आहेत, याची चर्चा गावात आदल्या रविवारपासूनच सुरू होते. काही वर्षांपूर्वी त्या यादीत माझेही नाव आले. त्या दुपारी मी न्हाणीघरात बसून टाच लाल होईपर्यंत वज्रीने घासली, नखे कापली, खोबरेल लावले आणि नवे मोजे घालूनच घराबाहेर पडलो. माझ्या शेजारच्या सद्‌गृहस्थांच्या पायाला तर चक्क अत्तराचा वास येत होता. फादरांनी प्रत्येकाचा उजवा पाय धुतला आणि परातीत पडलेले पाणी तांब्यातून निघाले तसेच नितळ राहिले. डावा पाय मी घासलाच नव्हता, हेही येथे कबूल करून टाकतो.

आपण ख्रिस्ती माणसे नम्रतेचा सराव बहुतेक वेळा असाच करतो, असे माझे मत होत चालले आहे. लग्नाच्या मंडपात शेवटच्या रांगेत जाऊन बसावे, ही प्रभूची शिकवण आपल्याला पाठ असते. मात्र तेथे बसल्यावर कोणीतरी ‘अहो, पुढे या’ म्हणत हाताला धरून न्यायला येईपर्यंत आपले अर्धे लक्ष दाराकडे असते. सत्काराला उत्तर देताना ‘मी कोण, सर्व काही प्रभूने केले’ असे म्हणणारा माणूस पुढच्या कार्यक्रमपत्रिकेत आपले नाव तिसऱ्या ओळीत छापले गेले, तर महिनाभर धुसफुसत राहतो. हे मी दुसऱ्यांविषयी लिहीत नाही. तिसऱ्या ओळीत आलेले ते नाव माझेच होते.

योहानाच्या शुभवर्तमानातील तेरावा अध्याय वाचताना आपले लक्ष कमरेला रुमाल बांधून वाकलेल्या येशूकडे जाते आणि ते स्वाभाविकच आहे. मला मात्र अलीकडे त्याचा शिष्य पेत्र याच्यापाशी थांबावेसे वाटते. ‘माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत,’ असे तो ठासून सांगतो. वरवर पाहता यापेक्षा नम्र उद्गार सापडणार नाही, तरी येशू त्याला ऐकवतो की, मी तुला धुतले नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. वाकणारा स्वतःच्या मर्जीने वाकतो आणि त्याच्या हाती काहीतरी देण्यासारखे असते. पाय पुढे करणाऱ्याला मात्र आपल्या टाचेच्या भेगा दुसऱ्याला दाखवाव्या लागतात. म्हणून दुसरे काम मला अधिक जड वाटते.

पोप फ्रान्सिस यांनी 2013 साली, पोप झाल्यावर काही दिवसांतच, रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन बारा जणांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या. तोवर विधीच्या नियमानुसार या बारा जागा पुरुषांच्याच होत्या. 2016 च्या जानेवारीत तो नियम अधिकृतपणे बदलला. हे सर्व आपल्या स्मरणात आहे. पण 2025 च्या पवित्र गुरुवारी, मृत्यूच्या चार दिवस आधी, ते पुन्हा रोममधल्या एका तुरुंगात गेले आणि यंदा मला पाय धुता येणार नाहीत, असे त्यांनी कैद्यांना सरळ सांगितले, हे मला अधिक भिडते. जे जमत नाही ते जमत नाही म्हणून सांगायचे आणि तरीही जायचे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नम्रतेचे धडे आपल्याकडे बहुधा ज्यांना अगोदरच वाकवून ठेवलेले असते त्यांनाच दिले जातात : सुनेला, वाडीतल्या मजुराला, चर्च झाडणाऱ्या मावशींना. बायबलमधल्या, पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातील ओघ उलटा आहे. तेथे जो देवाच्या बरोबरीचा होता तो ख्रिस्त स्वतःला रिक्त करून दासाचे रूप घेतो. म्हणजे उतरायचे ते वरच्याने. घरात वरचा कोण, हे सासऱ्याने निराळे विचारायला नको.

दोन वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि काही आठवडे मला स्वतःच्या पायांपर्यंत हात पोहोचवता येईना. सून विरार लोकलमधून उभ्याने प्रवास करून घरी येई आणि रोजरी, म्हणजे संध्याकाळची जपमाळेची प्रार्थना, झाली की कोमट पाण्याची बादली घेऊन माझ्या खुर्चीपाशी बसे. पहिले चार दिवस मी पेत्रासारखाच ‘राहू दे, राहू दे’ म्हणत राहिलो. याच सुनेला मी महिनाभर आधी, रोजरीला उशीर झाला म्हणून, पाहुण्यांदेखत बोललो होतो. नंतर क्षमाही मागितली होती, परंतु ‘चुकले माझे, पण तू निदान फोन तरी करायचास’ अशी. त्या ‘पण’नंतरचे तेवढे तिच्या लक्षात राहिले असणार; माझ्या तर राहिलेच होते.

पाचव्या संध्याकाळी ती अंगठ्याचे जाड नख कापत होती. मी म्हणालो, “त्या दिवशी पाहुण्यांसमोर मी तुला बोललो, ते चुकले माझे.” पुढे बरेच काही जिभेवर आले होते, ते गिळले.

तिने मान वर केली नाही. नखाचा तुकडा कागदावर ठेवत म्हणाली, “बरं पप्पा. आता तो डावा पाय द्या.”