माझ्या न झालेल्या मुलाचा पीसी

लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात, कोटेशनच्या कागदावरून मान वर न करता काउंटरवरच्या पोरानं विचारलं, "काका, मुलासाठी बघताय ना?"

मला मुलगा नाही. वय बेचाळीस, डावा गुडघा कुरकुरतो आणि रात्री जेवण झाल्यावर दोन तास गेम खेळायचा, एवढंच काय ते व्यसन. त्यासाठी पीसी घ्यावा की कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचा गेमचा डबा, हे ठरवायला आलो होतो. पण हे सगळं भर काउंटरवर कबूल करण्यापेक्षा "हो" म्हणणं सोपं होतं. म्हटलं. तिथेच फसलो.

शेजारच्या स्टुलावर टोनर भरून घ्यायला आलेले एक आजोबा बसले होते. बँकेतून निवृत्त, हे त्यांनी न विचारता सांगितलं होतं.

"कितवीत आहे?"

"दहावीत." तोंडात पहिलं आलं ते.

"दहावीत! आणि गेमिंगचा पीसी!" आजोबा म्हणाले. टोनर भरणारा पोरगाही हात थांबवून माझ्याकडे पाहू लागला. "आधीच्या परीक्षेत किती पडले?"

"चौऱ्याहत्तर टक्के." नसलेल्या मुलाला नव्वद देता आले असते, पण कंजूषपणा अंगातच.

"मग हे कशाला?"

"पीसीवर अभ्यासही होतो ना," मी म्हणालो.

"आणि दुसरं ते काय म्हणत होतात मघाशी, कन्सोल? त्याच्यावर होतो?"

"नाही. पण तो स्वस्त पडतो."

आजोबांनी खिशातून पेन काढलं, टोनरचं बिल उलटं केलं आणि म्हणाले, "सांगा आकडे."

तोवर मी पोराच्या कोटेशनवर नजर टाकून घेतली. बाहेरून सगळं छान. रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर, गेमची चित्रं काढणारं आरटीएक्स ५०६० कार्ड, काचेचं कॅबिनेट, आत रंगीबेरंगी दिवे. पण सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड ए५२० आणि रॅमची १६ जीबीची एकच पट्टी. ही दोन्ही जुनी दुखणी. ५०६० हे कार्ड आठच लेनवर, म्हणजे डेटाच्या आठच मार्गिकांवर चालतं आणि ए५२० मध्ये कार्ड जोडणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेसची तिसरी पिढी असते, म्हणजे लेनही कमी आणि वेगही चौथीच्या निम्मा. कार्डाची स्वतःची ८ जीबी मेमरी भरली की सगळी ये-जा त्या चिंचोळ्या बोळातून होते आणि गेम मध्येच अडखळतो. चौथी पिढी असलेला बी५५० बोर्ड घेतला तर हा त्रास बराच कमी होतो. एका पट्टीऐवजी आठ-आठच्या दोन घ्यायच्या, कारण रायझनला ड्युअल चॅनल, म्हणजे दोन पट्ट्यांचा दुहेरी रस्ता नसेल तर फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, सरळ कमी होतात. मग बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमचा पूर्ण वेग, चालू करायचं. ते न केल्यामुळे ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर चालतेय आणि मालकाला पत्ताच नाही, असे पीसी घरोघरी आहेत. सेकंदाला १४४ चित्रं दाखवू शकणारे, १४४ हर्ट्झचे मॉनिटर विंडोजमध्ये ६० वरच राहिलेले तर त्याहून जास्त.

दिव्यांचे पैसे मात्र कोटेशनमध्ये पूर्ण लावलेले होते.

मी दोन्ही दुरुस्त्या सांगितल्या. पोरानं "मुलानं यूट्यूब बघून पाठवलंय वाटतं" असं म्हणत आकडे बदलले, सगळे हजारांत. प्रोसेसर १०, बोर्ड ९, रॅम ८, कार्ड ३०, एक टीबीची एसएसडी ७, साडेपाचशे वॅटचा ब्राँझ दर्जाचा पॉवर सप्लाय साडेचार, कॅबिनेट साडेतीन. बहात्तर हजार. मॉनिटर १०, कीबोर्ड-माउस-कंट्रोलर मिळून ३, यूपीएस ३. झाले अठ्ठ्याऐंशी.

"रॅमला आठ? ती साडेतीनला मिळायची."

"ते गेल्या वर्षी, काका. हा भाव पण संध्याकाळपर्यंतच."

एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचे कारखाने स्वतःसाठी अडवलेत. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करतोय असं जाहीर केलं. संध्याकाळपर्यंतचा भाव पूर्वी फक्त सराफाकडे मिळायचा.

"विंडोज?" आजोबांनी विचारलं.

"ते आपण टाकून देतो," पोरगा म्हणाला.

"किंमत?"

"टाकून देतो," पोरगा पुन्हा म्हणाला, जरा हळू आवाजात. आजोबांनी त्या रकान्यात शून्य लिहिलं आणि त्याभोवती वर्तुळ काढलं. ऑडिटची सवय.

मग कन्सोल. सोनीचा डिस्कवाला पीएस५, त्या दिवशी ५४,९९०. २०२१ मध्ये भारतात आला तेव्हा ४९,९९० ला होता. आजोबांना हे पटेना. "इतकी वर्षं जुनी वस्तू महाग कशी होते? घसारा कुठे गेला?" मलाही हेच विचारायचं होतं, पण कोणाला विचारायचं ते माहीत नव्हतं. आधीच्या पिढ्यांमध्ये कन्सोल दोन-तीन वर्षांत स्वस्त व्हायचा. या खेपेला थांबणारेच मूर्ख ठरले, आणि त्यांच्यात मी पहिला.

"ऑनलाइन खेळायला वर्गणी लागते," मी म्हणालो. "वर्षाला चारेक हजार. फुकटातले गेम सोडून."

"घरचं इंटरनेट आहे ना? त्याचं बिल भरता ना?"

"भरतो."

"मग ही कसली?"

"त्याच इंटरनेटवर दुसऱ्याशी खेळण्याची."

आजोबांनी पेन खाली ठेवलं आणि दुकानाच्या छताकडे बघितलं. पीसीवर ही वर्गणी नसते, हे सांगितल्यावर पुन्हा उचललं. पाच वर्षांचे वीस हजार. गेम वर्षाला चार, पाच वर्षांत वीस. नवी डिस्क साडेचार हजारांना घ्यायची, संपली की निम्म्या किमतीत विकायची. निव्वळ पंचेचाळीस हजार. पीसीवर डिस्कच नाही, विकायचा प्रश्न नाही. वर्षभर थांबून स्टीम या ऑनलाइन दुकानाच्या सेलमध्ये सरासरी सोळाशेला घ्यायचे. बत्तीस हजार.

बेरीज झाली. कन्सोल १,१९,९९०. पीसी १,२०,०००.

"दहा रुपये," आजोबा म्हणाले. "कन्सोल दहा रुपयांनी स्वस्त."

एवढा वेळ शांत असलेल्या पोराला इथे बोलायची हुक्की आली. "बिनडिस्कचा डिजिटल घ्या ना, काका. स्वस्त पडेल. डिस्क कोण वापरतं आता?" हा सल्ला मी या रस्त्यावर तीन काउंटरांवर ऐकला आहे. घेताना काही हजार वाचतात आणि विकता येणारे पंचेचाळीस हजार कायमचे जातात. डिस्कचा ड्राइव्ह नंतर वेगळा जोडता येतो, पण तो मिळायला हवा, आणि पहिल्यांदा जोडताना इंटरनेटवरून परवानगी घ्यायला लागते. स्वतःच्या घरात, स्वतःच्या डब्याला, स्वतःचा ड्राइव्ह.

"पण चालतं कोणतं चांगलं?" आजोबांचा पुढचा प्रश्न.

मी सांगितलं. पीएस५ ची ताकद साधारण आरटीएक्स २०७० सुपर या जुन्या कार्डाएवढी, ५०६० त्याच्या बरंच पुढे. कन्सोलवर बहुतेक मोठ्या गेममध्ये निवड करायला लागते, सुंदर चित्र आणि सेकंदाला ३० फ्रेम, किंवा जरा धूसर चित्र आणि ६०. पीसीवर शंभरही मिळतात.

"सेकंदाला साठ चित्रं? मोजतो कोण?"

"डोळ्यांना कळतं."

"मुलाला चष्मा आहे?"

"आहे," मी म्हणालो. एव्हाना तो मला दिसायला लागला होता.

बिलावर न मावलेल्या गोष्टी बऱ्याच आहेत. कन्सोलच्या कंट्रोलरची कांडी घासली की पात्र आपोआप डावीकडे चालू लागतं, आणि नवा कंट्रोलर सहा हजारांच्या आसपास. पीसीवर नवा गेम पहिल्यांदा लावला की शेडर, म्हणजे कार्डाला चित्र काढायला लागणारे छोटे प्रोग्राम, तयार होईपर्यंत चहा पिऊन यायचं, तरीही पहिला तास गचके. बदलापूरसारख्या ठिकाणी वीज गेली की तीन हजारांचा ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे जेमतेम ३६० वॅट. वर तो विजेची नेहमीची गोल लाट सोडून चौकोनी लाट देतो, आणि अॅक्टिव्ह पीएफसीचे, म्हणजे वीज नेटकी ओढणारे, काही पॉवर सप्लाय ती लाट बघूनच मान टाकतात. मग यूपीएस चालू, पीसी बंद. कन्सोल तर वीज आल्यावर वर आपल्यालाच सुनावतो की मशीन नीट बंद केलं नव्हतं. महावितरणचा राग माझ्यावर.

पीसीवाल्यांना वाट पाहण्याचीही सवय लागते. जीटीए ५ हा गाजलेला गेम कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला, पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. जीटीए ६ सुद्धा आधी कन्सोललाच जाहीर झालाय. तेवढ्यात माझा मुलगा बारावी होईल.

घरात कामाला पीसी लागणारच असेल तर गोष्ट वेगळी. मग साधा पीसी खर्चात धरायचाच नाही, फक्त कार्ड आणि थोडा मोठा पॉवर सप्लाय मोजायचा, आणि कन्सोल हिशोबातूनच उठतो. मला मात्र ऑफिसचा लॅपटॉप आहे, टीव्ही आहे आणि दिवसभर कंपनीचं सॉफ्टवेअर अपडेट केल्यावर घरी येऊन ड्रायव्हर अपडेट करण्याची इच्छा नाही. डिस्कवाला कन्सोल. मी तो त्याच दुकानात मागितला.

"स्टॉक नाही," पोरगा म्हणाला. "डिजिटल आहे."

आजोबांचं टोनर झालं होतं. निघताना त्यांनी माझा नंबर घेतला. त्यांच्या ओळखीचे गणिताचे एक सर आहेत, घरी येऊन शिकवतात, फी वाजवी. काल रात्री नऊला फोन आला, नेमका मी खेळायला बसलो होतो तेव्हा. मागचा आवाज कसला, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मुलगा खेळतोय. फोन त्याच्याकडे द्या म्हणाले.